गुळव्यानं तपासलेली प्रकल्पवही

गूळ कसा करतात या प्रकल्पात सातवीच्या एका गटानं उसाच्या रसाबद्दल लिहिलं होतं, 'रस उकळल्यावर वर आलेली मळी काढून टाकावी.' वाक्य शुद्ध होतं. मराठीच्या पेपरात त्याला पूर्ण गुण पडले असते. पण त्या दुपारी ते ऐकायला वर्गात गुळव्या, म्हणजे गुऱ्हाळावर गूळ करणारे कारागीर, बसले होते. त्यांनी हात वर करून वाचणाऱ्या मुलीला थांबवलं. "बाळा, उकळल्यावर कुठली मळी काढतीस? तवर ती फुटून रसात मिसळली की. गूळ काळा पडंल."

मुलगी गोंधळली. आम्ही शिक्षकांनी तिला तिचीच गुऱ्हाळावरची नोंदवही उघडायला सांगितलं. तिच्याच अक्षरात तिथं होतं: '10.40, मळीचा जाड काळपट थर. झाऱ्यानं काढला. 11.05, उकळी.' नोंद बरोबर होती, मसुदा चुकला होता. इतर गटांच्या वह्या पडताळल्या, तेव्हा बहुतेकांचं असंच निघालं. मुलांनी पाहिलं नीट होतं, टिपलंही नीट होतं. लिहायला बसताना मात्र कुणी स्वतःच्या नोंदी पुन्हा वाचल्याच नव्हत्या. डोक्यात जो क्रम सोपा वाटला तो उतरवला होता.

प्रकल्पातल्या वाचन-लेखनाची खरी गळती या टप्प्यावर असते, आणि ती बहुतेक वेळा कुणाला दिसत नाही. आपल्याकडे प्रकल्प म्हणजे सहल, मग तक्ता, मग फाइल. लेखन येतं ते शेवटी, सजावटीसारखं. ज्याचं अक्षर चांगलं तो लिहितो, बाकीचे चित्रं चिकटवतात. सुरुवातीचं वाक्य ठरलेलं: 'गूळ हा आरोग्यास अत्यंत हितकारक आहे.' त्याला गुऱ्हाळावर जावं लागत नाही.

करवीर तालुक्यात हंगामात गुऱ्हाळ शोधायला लांब जावं लागत नाही, आणि कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही आहे. म्हणून विषय हा घेतला. चार आठवडे पुरतात, पण वाचन भेटीच्या आधी सुरू झालं पाहिजे. कोल्हापुरात प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. अशा संस्थांची शेतकऱ्यांसाठीची माहितीपत्रकं सातवीला जड जातात. ती सोपी करून देऊ नयेत. एका वेळी अर्धं पान द्यावं आणि वहीत तीन रकाने आखून घ्यावेत: कळलं, अडलं, गुऱ्हाळावर विचारायचं. 'निवळी' (चुन्याचं वरचं स्वच्छ पाणी), 'सामू' (रस किती आंबट याचं माप), 'ब्रिक्स' (रसातल्या साखरेचं माप) हे शब्द दुसऱ्या रकान्यात जातात आणि त्यातून तिसरा आपोआप भरतो. 'गूळ कसा करतात?' हा प्रश्न बाद करावा, कारण त्याचं उत्तर भाषण येतं. 'चुन्याची निवळी किती घातली हे कशावरून ठरवता?' याला उत्तर मिळतं. ते असं: निवळी कमी पडली तर गूळ मऊ राहतो, जास्त झाली तर रंग काळपट येतो.

गुऱ्हाळावर चौघांचा गट करावा. एकजण घड्याळ बघून वेळ लिहितो, दुसरा डोळ्याला दिसलेलं, तिसरा गुळव्यांचं बोलणं जसंच्या तसं, चौथा काहील (रस उकळायची मोठी कढई), चुलवाण (तिची भट्टी), वाफा (पाक ओतून गार करायची जागा) यांची चित्रं नावांसह काढतो. बोलणं प्रमाण मराठीत बदलून लिहायचं नाही, असं बजावून सांगावं, नाहीतर मुलं तिथंच गाळून टाकतात. पाकाचं तापमान 118 अंश सेल्सिअसपर्यंत जातं आणि अंगावर उडालेला पाक चिकटून राहतो. म्हणून काहिलीपासून दहा फुटांवर चुन्याची रेघ मारून घ्यावी आणि थर्मामीटर कारागिरांच्याच हाती द्यावा. कच्चा मसुदा दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला, प्रत्येकानं एकट्यानं लिहायचा. गटाचा मसुदा त्यानंतर. हा क्रम उलटा केला की चारातला एकच लिहितो.

आता त्या दुपारबद्दल. गुळव्यांनी सगळे मसुदे ऐकले. त्यांना वाचून दाखवायचं ठरलं होतं, आणि त्याचा फायदा झाला. ऐकणारा माणूस मागं वळून ओळ बघू शकत नाही, त्यामुळं क्रम चुकला की तो तिथंच अडतो. दुसऱ्या गटानं लिहिलं होतं, 'फेस आल्यावर थोडे तेल टाकले जाते.' त्यावर ते म्हणाले, "थोडं म्हंजे किती ते नगं लिवू. कवा टाकायचं ते लिव. फेस काहिलीच्या काठाला टेकला की."

मुलांना आम्हीच सांगितलं होतं की नेमकेपणा म्हणजे मोजमाप. काही ठिकाणी ते हवंच: काकवी 105–106 अंशांना उतरवतात, घट्ट गुळासाठी 118 च्या आसपास जावं लागतं, आणि हा फरक आकड्याशिवाय सांगता येत नाही. पण चुलवाणापाशी उभ्या असलेल्या माणसाला हवी असते खूण. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांत गोळी वळते का, ती आपटल्यावर आवाज येतो का, यावरून काहील उतरवायची वेळ ठरते. आकडा आणि खूण दोन्ही लिहिल्या की वाचणाऱ्याला एकावरून दुसरं ताडून बघता येतं.

त्यानंतर मसुद्याचा साचा आम्ही फळ्यावर बदलला. प्रत्येक पायरीला तीन गोष्टी: काय करायचं, कोणती खूण दिसल्यावर, चुकलं तर काय होतं. मळीची पायरी अशी झाली: 'रस तापू लागला की वर जाड काळपट थर येतो. उकळी फुटण्याआधी तो झाऱ्यानं काढावा. उशीर झाला तर थर फुटून रसात मिसळतो आणि गूळ काळा होतो. नंतर भेंडीच्या झाडाचा चिकट रस घातल्यावर हलकी मळी येते, तीही काढावी.' 'टाकले जाते', 'काढले जाते' अशी वाक्यं या साच्यात बसतच नाहीत, हा त्याचा मोठा गुण. कर्ता लपवला की पायरी कुणाची, गुळव्याची की चुलवाणात चिपाड घालणाऱ्या जळव्याची, हे हरवतं.

प्रत्येक वाक्यापुढं समासात एक अक्षर लिहायला लावलं: पा, ऐ किंवा वा. पाहिलं, ऐकलं, वाचलं. याचं मोल हायड्रॉस या गंधकयुक्त पावडरीवरच्या परिच्छेदात कळलं. गिऱ्हाईक पिवळा गूळ मागतं म्हणून रंग उजळायला काहीजण ही पावडर वापरतात, हे मुलांनी ऐकलं होतं. गुळात सल्फर डायऑक्साइड दशलक्षात 70 भागांपेक्षा जास्त नसावा, हा अन्नसुरक्षेचा नियम वाचला होता. डोळ्यांनी यातलं काहीच दिसलं नव्हतं. तरी तीन गटांनी 'पिवळा गूळ भेसळीचा असतो' असं ठोकून दिलं होतं. समासात अक्षर लिहायची वेळ आली, तेव्हा त्यांना लिहिता येईना. उसाची जात, जमीन, रसाची सफाई यांनीही रंग बदलतो. वाक्य शेवटी असं उरलं: 'नुसत्या रंगावरून सांगता येत नाही.' माझ्या मते सगळ्या प्रकल्पातलं हे सगळ्यात कसदार वाक्य.

अंतिम पत्रक ए-फोर कागदाच्या दोन्ही बाजूंना, दोन घड्या घालून सहा रकान्यांचं. एका रकान्यात साठ-सत्तर शब्दांपेक्षा जास्त मावत नाहीत, त्यामुळं काटछाट करावीच लागते. छापण्याआधी ते गुऱ्हाळ न पाहिलेल्या पाचवीच्या मुलांना दिलं, सोबत पायऱ्यांची सुटी चित्रं. पत्रक वाचून चित्रं क्रमानं लावायची, तोंडी मदत नाही. वाफ्यात गूळ घोटणं आणि साच्यात भरणं ही दोन चित्रं बऱ्याच जणांनी उलटी लावली. पत्रकात 'गूळ थंड झाल्यावर भरावा' एवढंच होतं. गुळव्यांना फोन लावून सातवीनं ती ओळ बदलली: 'वाफ्यात घोटताना गूळ दाट होऊन कण धरू लागला की, गरम असतानाच कापड घातलेल्या साच्यात भरावा. पूर्ण गार झाला तर तो वाफ्यातच घट्ट होतो.'

गुण देताना पत्रकाला कमी आणि पहिल्या व दुसऱ्या मसुद्यातल्या फरकाला जास्त दिले. वीसपैकी आठ नोंदींना, आठ बदलांना, चार पत्रकाला. बदलासमोर कारण लिहिलं नसेल तर गुण नाही. मळीची ओळ दुरुस्त करणाऱ्या मुलीनं कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'माझ्या वहीत 10.40 आधी आहे, 11.05 नंतर.'