उसन्या दहा वायल

रोपलावण सुरू झाली की आमच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. मी तिथे औषधनिर्माण अधिकारी आहे. जुलैतल्या एका दुपारी घोणस चावलेल्या बाईंना आणलं. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडलेली, केर्लीजवळ रस्त्यावर पाणी. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात पाठवण्याचा मार्ग बंद होता.

डॉक्टरांनी स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेतलं आणि 20 मिनिटं न हलवता ठेवलं. नळी तिरकी केली तर रक्त तसंच वाहिलं, गुठळी नाही. म्हणजे विष अंगात भिनलं होतं. (ही नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर रक्त चांगलं असूनही गोठत नाही, आणि सापाच्या विषावरची लस उगाच दिली जाते.) लसीचा पहिला डोस 10 वायलचा, म्हणजे 10 छोट्या बाटल्यांचा. लहान मुलालाही तेवढाच, कारण साप वजन बघून विष सोडत नाही. आमच्या फ्रीजमध्ये 6 होत्या.

साठा कमी का होता? आमची मागणी मागच्या तिमाहीच्या खपावर मंजूर झाली होती. फेब्रुवारी ते एप्रिल साप कमी चावतात, त्यामुळे पावसाळ्याचा पुरवठा उन्हाळ्याच्या आकड्यावर बेतला गेला. वाढीव मागणीचं कारण मी मागणीपत्रावर लिहिलं होतं. वर ते कोणी पाहिलं नाही.

आठ किलोमीटरवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 12 वायल शिल्लक होत्या. रस्ता चालू होता. पण ते केंद्र जिल्हा परिषदेचं. तिथले वैद्यकीय अधिकारी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, ते जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना आणि ते मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना जबाबदार. आमचे वैद्यकीय अधीक्षक जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि पुढे कोल्हापूर मंडळाच्या उपसंचालकांना. सीपीआर तिसऱ्याच साखळीत: पूर्वी ते जिल्हा रुग्णालय होतं, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आल्यावर वैद्यकीय शिक्षण विभागाकडे गेलं आणि तिथे अधिष्ठात्यांचा शब्द चालतो. शहरातली महापालिकेची रुग्णालयं आणखी वेगळी. रुग्णाला सगळं एकच ‘सरकारी दवाखाना’ वाटतं, पण साठा नोंदवह्या वेगळ्या, सहीचे अधिकार वेगळे.

त्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या औषधनिर्माण अधिकाऱ्यांनी लेखी आदेश मागितला. त्यांचं बरोबरच होतं. रुग्णाच्या नावाशिवाय 10 वायल खर्ची पडल्या तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि वसुली त्यांच्या पगारातून होऊ शकते. म्हणून अधीक्षकांनी जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक या दोघांना फोन केले आणि मी उसनवारीचं पत्र तीन प्रतींत केलं: एक त्यांना, एक आम्हाला, एक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. त्यात वायलची संख्या, बॅच नंबर, मुदत, परतफेडीची तारीख, आणि परत करायच्या वायलची मुदत घेतलेल्यांपेक्षा कमी नसेल हे वाक्य. हे वाक्य गाळलं की पुढे भांडण ठरलेलं, कारण संपत आलेला माल परत करायचा मोह सगळ्यांनाच होतो. औषधसाठ्याच्या ऑनलाइन ई-औषध प्रणालीत अशी नोंद त्या दिवशी थेट झाली नाही, म्हणून दोन्हीकडे नोंदवहीत लाल शाईने ‘उसनवार’ शेरा मारला.

आमच्या 6 वायल तोवर सलाइनमधून सुरू झाल्या होत्या, लसीची रिॲक्शन आली तर म्हणून ॲड्रेनॅलिन भरून उशाशी ठेवलेलं. शिपाई मोटारसायकलवरून व्हॅक्सिन कॅरियर घेऊन पोहोचला तेव्हा पाऊण तास झाला होता. त्यातल्या 4 लगेच लागल्या. सहा तासांनी पुन्हा चाचणी केली, रक्त अजून गोठत नव्हतं. उरलेल्या 6 दिल्या. त्यानंतरच्या चाचणीत गुठळी झाली. लघवीचं प्रमाण नीट राहिलं, मूत्रपिंडं वाचली.

कोणी विचारेल, रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून बाजारातून का नाही घेतल्या? खर्च कार्यकारी समितीच्या मंजुरीने होतो, नियामक मंडळ त्यावर देखरेख ठेवतं. तातडीची खरेदी करून नंतर मंजुरी घेता येते. पण पुरात औषध दुकानात लस हवी ना! शिवाय 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. निर्णय योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण केसपेपरचे जे पैसे समितीत जमा व्हायचे ते थांबले, आणि हाताशी राहणारी रक्कम कमी झाली. ती भरून काढायला जिल्हा नियोजन समितीकडे वेळेत प्रस्ताव जावा लागतो.

परतफेड पुढच्या पुरवठ्यातून झाली आणि पोच दोन्हीकडे चिकटवली. जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांनी जूनपूर्वी एक संयुक्त स्थायी आदेश काढावा, सर्पदंश आणि श्वानदंशाच्या लसींची उसनवारी केंद्र आणि रुग्णालय पातळीवरच सहीने व्हावी, असा मसुदा आम्ही पाठवला आहे. त्याच्यासोबत तीन वर्षांचा महिनावार खप जोडला आहे, म्हणजे मागणी मागच्या तिमाहीवर नव्हे तर मागच्या पावसाळ्यावर ठरेल.