तुळईवरचं पीठ

माझ्या कोटाच्या खिशात कायम एक पेपरक्लिप असते, पण कागदांना लावायला नाही. तिची तार साधारण एक इंचाचा बत्तिसावा भाग जाड असते. कारखान्यातल्या तुळईवर साचलेल्या धुळीत ती ठेवायची आणि तार धुळीत बुडाली तर वहीत लाल खूण करायची. नंतर मोजमापं होतात, नमुने प्रयोगशाळेत जातात, पण पहिला अंदाज या क्लिपवरच येतो. पीठ, साखर, दूधपावडर, लाकडाचा भुसा असं जे जे हवेत उडतं आणि पेटू शकतं, त्याच्यापासून कारखाने वाचवायचे, हे माझं काम. कराडजवळच्या गावात अप्पांची पिठाची गिरणी होती. अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये आले तरी पीठ काही सुटलं नाही.

तो फेब्रुवारीतला दिवस. उणे तेवीस. अशा थंडीत इथली हवा इतकी कोरडी होते की दाराच्या मुठीला हात लावला तरी चटका बसतो. स्थिर विजेची ती ठिणगी घरात गंमत वाटते, गिरणीत नाही. शहराच्या कडेला असलेल्या एका जुन्या गिरणीत (नाव लिहीत नाही) विमा कंपनीच्या सांगण्यावरून पाहणी होती. हेड मिलर, म्हणजे दळणाचे प्रमुख, साठीच्या पुढचे, पणजोबांपासून याच धंद्यातले. माझा हेल्मेट घातलेला अवतार बघून म्हणाले, "पिठाला घाबरता तुम्ही?"

म्हटलं, "पिठात वाढलेय, म्हणून."

खालचे मजले चकाचक होते. पाहुण्यांना दाखवायचे मजले नेहमीच तसे असतात. मी शिडी मागवली आणि पाचव्या मजल्यावरच्या तुळईवर हात फिरवला. क्लिप कसली, बोटाचं पेर बुडालं. पीठ नुसतं पडून राहिलं तर फारसं काही करत नाही. पण कुठेतरी छोटा भडका उडतो, इमारत हादरते, वर्षानुवर्षं तुळयांवर झोपलेलं पीठ एकदम हवेत येतं आणि ते पेटतं. इमारत जाते ती या दुसऱ्या स्फोटात. पहिला भडका म्हणजे नुसती काडी.

आणि काडी वरच्याच मजल्यावर होती. बादल्यांच्या पट्ट्याने धान्य वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या वरच्या पुलीचं बेअरिंग कुरकुरत होतं. तापमान मोजायची बंदूक रोखली. शेजारचं बेअरिंग ४१ अंश, हे ९४. पट्टाही एका बाजूला सरकून पत्र्याला घासत होता.

"हे आत्ता बंद करा."

"बाहेर सहा ट्रक उभे आहेत."

मी सल्लागार. बटण दाबायचा अधिकार मला नाही, मी फक्त लिहून देऊ शकते. म्हणून वहीत वेळ लिहिली, दहा वाजून बेचाळीस, खाली तापमान लिहिलं आणि वही त्यांच्यापुढे धरली. "वाचलं एवढी सही करा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की सासुरवाडीत जावयाने डाळ आळणी म्हटलं असावं. सही केली नाही. वॉकीटॉकी उचलला आणि लाइन थांबवली.

गिरणी थांबली की कानात जी पोकळी होते, ती ज्याने अनुभवली त्यालाच कळेल. गावात वीज गेली की आमच्याकडे अशीच शांतता पडायची आणि अप्पा पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकल्यासारखे दचकायचे.

बेअरिंग बदलायला तीन तास लागणार होते. मिलर चिडलेले होते, पण माणूस मानी. "चला, तुम्हाला दाखवतो हे शहर कशावर उभं आहे," म्हणाले आणि पिकअपमध्ये बसवून थेट नदीवर, सेंट अँथनी धबधब्यापाशी घेऊन आले.

धबधबा म्हणजे आता काँक्रीटची उतरण आहे. मूळचा कडा वर चुनखडी आणि खाली भुसभुशीत वालुकाश्म असा होता. इथले मूळ रहिवासी डकोटा लोक याला ओवामनियोमनी म्हणत, भोवऱ्यांची जागा. सेंट अँथनी हे नाव १६८० मध्ये आलेल्या फादर हेनेपिनने आपल्या संताचं दिलं. पुढे खालच्या अंगाला फोर्ट स्नेलिंग बांधणाऱ्या सैनिकांनी १८२० च्या दशकात इथे लाकूडकटाईची आणि पिठाची अशा दोन सरकारी गिरण्या उभारल्या. किल्ल्यातल्या भाकरीची सोय एवढाच त्यांचा हेतू. १८३७ च्या करारांनी पूर्वेकडची जमीन डकोटा आणि ओजिब्वे लोकांच्या हातून गेली आणि करार मंजूर झाल्याची बातमी येताच फ्रँकलिन स्टीलने पूर्वेच्या काठावर हक्क सांगितला. हे सांगताना मिलरसाहेबांचा स्वर अभिमानाचा होता. आपल्याकडे धरणात गेलेल्या गावांच्या गोष्टी ऐकत मी वाढले, त्यामुळे "हक्क सांगितला" या शब्दांपाशी मी जरा अडखळले.

पश्चिम काठ लष्कराच्या ताब्यात होता. तिथे १८५० च्या सुमाराला जॉन स्टीव्हन्सने घर बांधलं, परवानगीच्या बदल्यात सैन्यासाठी नाव चालवायच्या बोलीवर. दोन वर्षांनी चार्ल्स होग नावाच्या शिक्षकाने गावाला नाव सुचवलं. डकोटांचं 'मिनी' म्हणजे पाणी, ग्रीकांचं 'पोलिस' म्हणजे नगर. सरळ मराठीत पाणीपूर. अप्पांना हे सांगितलं होतं तेव्हा ते आठवडाभर शहराला पाणीपुरी म्हणत होते.

या पाण्याच्या जिवावर आधी लाकडाच्या गिरण्या चालल्या, मग पिठाच्या. लोभ तर इतका की १८६९ मध्ये नदीखालून बोगदा काढायला गेले आणि वालुकाश्म वाहून अख्खा धबधबाच ढासळायला लागला. लोकांनी झाडं, दगड, मिळेल ते भोकात लोटलं. शेवटी सरकारने नदीखाली साडेअठराशे फूट लांबीची काँक्रीटची भिंत घातली, ती १८७६ ला पुरी झाली. नदीचं पाणी आपलं म्हणणाऱ्यांना नदीने दाखवलेला हा पहिला इंगा.

इथवर ते बोलत होते, मी ऐकत होते. गव्हाचा विषय निघाला आणि मला राहवलं नाही.

या भागातला गहू वसंतात पेरलेला, टणक. दगडाच्या गिरणीत त्याचा कोंडा काचेसारखा फुटून पिठात मिसळे, पीठ करडं ठिपक्याठिपक्यांचं होई आणि बाजारात पडेल भावाने जाई. पण याच गव्हाच्या आत मोलाचा भाग, कोंडा आणि पीठ यांच्या मधला, रवाळ. म्हणजे रवाच! १८७० च्या सुमाराला एडमंड लक्रॉय याने गिरणीमालक वॉशबर्नच्या गिरणीत एक यंत्र बसवलं. चाळणीवर रवा हलवायचा आणि खालून वारा सोडायचा. हलका कोंडा उडून जातो, जड रवा राहतो, तोच पुन्हा दळला की पांढरंशुभ्र सपीट. मी मिलरना सांगितलं की माझी आजी दिवाळीआधी गहू ओलवून, दळून, चाळून, सुपात पाखडून हेच करायची, फक्त पेटंट घेतलं नाही. ते पहिल्यांदा हसले.

या सुपाच्या वाऱ्यावर शहर फुगलं. १८७० ला वस्ती तेरा हजार, १८८० ला सत्तेचाळीस हजार, १८९० ला एक लाख चौसष्ट हजार. १८८० पासून पन्नास वर्षं मिनियापोलिस पिठाची राजधानी होतं. पण पाखडताना जे उडतं ते जातं कुठे? आजी अंगणात पाखडायची. इथे सात मजली दगडी इमारत, बंद खिडक्या आणि उजेडाला गॅसचे दिवे.

२ मे १८७८. संध्याकाळी वॉशबर्न ए गिरणीतली दिवसपाळीची माणसं घरी गेली होती. सातच्या सुमाराला स्फोट झाला. आतले चौदा आणि शेजारच्या गिरण्यांतले मिळून अठरा जण गेले. शहराची निदान एक तृतीयांश दळणक्षमता एका संध्याकाळीत संपली. पीठ फुटतं यावर विश्वास बसेना, तेव्हा विद्यापीठातल्या पेक आणि पेकहॅम या प्राध्यापकांनी पेटीत पीठ उडवून, ज्योत दाखवून झाकण उडवून दाखवलं. वॉशबर्नने नवी गिरणी बांधली, विल्यम डी ला बारने धूळ खेचून घेणारी यंत्रणा बसवली आणि हळूहळू दगड जाऊन रोलर आले. आज माझं पोट ज्या विद्येवर चालतं, ती त्या पेटीतून निघाली.

१९९१ च्या आगीनंतर त्या नव्या गिरणीच्याही भग्न भिंतीच उरल्यात, आत संग्रहालय आहे. इमारतीवरच्या दगडात त्या चौदांची नावं कोरली आहेत. मिलर हातमोजा काढून बोट फिरवत नावं वाचत होते, उणे तेवीसमध्ये. मग म्हणाले, "तेव्हा दगड होते हो. आमच्याकडे रोलर आहेत."

"तुळया त्याच आहेत," मी म्हटलं.

ते काही बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर मात्र त्यांनी फोन लावला आणि पाचवा मजला झाडून झाल्याशिवाय लाइन सुरू करायची नाही असं सांगितलं. "हवेच्या झोताने नाही, व्हॅक्यूमने," मी मागून म्हटलं. त्यांनी तेही सांगितलं, जरा रागातच. जुनं बेअरिंग काढलं तेव्हा वंगण जळून काळंठिक्कर झालेलं होतं. ट्रक रात्री नऊला भरले. ट्रकवाल्यांनी मला काय म्हटलं असेल ते मी ऐकायला थांबले नाही.

घरी येऊन अप्पांना फोन केला. तिकडे सकाळ होती, चहा चालला होता. सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की इथे पूर्वी दगडाची मोठी गिरणी स्फोटात उडाली होती.

"कधी उडाली? रात्री?"

"संध्याकाळी. दिवसपाळी सुटल्यावर."

"मग दळण संपलं असणार वरचं, आणि बघायला कोणी नाही. मोकळा दगड फिरला. दगडावर दगड घासला की ठिणगी पडणारच. तुला लहानपणी किती वेळा ओरडलोय मी त्यावरून."

मी गप्प. १८७८ च्या चौकशीत हाच निष्कर्ष निघाला होता, कोरड्या फिरलेल्या दगडांची ठिणगी. तसं मी त्यांना सांगितलं.

"मग?" अप्पा म्हणाले. "ते राहू दे. तुझा आजचा पट्टा सरकत होता म्हणालीस, तो किती इंची होता?"