शेजारच्या प्लॉटवरचं गाजरगवत काढून घेतलं, माझा अनुभव

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आमच्या सोसायटीला लागून एक मोकळा प्लॉट आहे. जूनच्या पावसात तिथे गाजरगवत उगवलं आणि जुलै संपेपर्यंत कमरेएवढं झालं. आईला आधीच दमा, त्यात मानेवर लाल पुरळ उठलं. डॉक्टर म्हणाले, आधी ते गवत हटवा.

महापालिकेत अर्ज दिला, पोच मिळाली. पुढे अडकलं. एका टेबलवर म्हणाले आमच्याकडे झाडांचं काम आहे, हे झाड नाही. दुसऱ्या टेबलवर म्हणाले हा कचरा नाही, उभं गवत आहे, आणि प्लॉट खाजगी आहे तर मालकाचं नाव आणा. आता मालक कोण ते मला कुठून माहीत असणार? पुढच्या सोमवारी या, असं करत चार चकरा झाल्या. हे गवत रुजल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येतं आणि एकेक झाड हजारो बिया टाकतं, म्हणजे त्यांचा प्रत्येक सोमवार आम्हाला पुढच्या वर्षी भोवणार. तिसऱ्या चकरेच्या दिवशी सकाळी बघितलं तर साबुदाण्याएवढी पांढरी फुलं आलेली. साहेबांना फोटो दाखवला तर म्हणाले, नियमात बसवावं लागतं. पुण्यात १९५५ साली या गवताची नोंद झाली, इतक्या वर्षांत हे कोणत्या टेबलचं काम ते ठरू नये? मला अजून राग येतो.

शेवटी आमच्या सोसायटीच्या कागदांवरून सर्वे नंबर काढला, शेजारच्या प्लॉटचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळाला, त्यावर मालकाचं नाव. ते अर्जाला जोडल्यावर नोटीस गेली आणि आठ दिवसांत मालकाने माणसं पाठवली. तुम्ही सातबारा पहिल्याच दिवशी जोडा.

माणसं कटर घेऊन आली होती, मी थांबवलं. वरून कापलं की बुडातून परत फुटतं, पाऊस पडून गेल्यावर ओल्या मातीतून मुळासकट उपटायचं, हातमोजे आणि तोंडाला रुमाल बांधून. खरं तर फुलं यायच्या आधीच, आमचा तो वेळ ऑफिसात गेला. आणि हो, पानांची चाळण दिसली तर फवारणी करू नका, पांढरट पाठीवर तपकिरी रेघांचा छोटा भुंगा असेल, तो हेच गवत खातो, मेक्सिकोतून त्यासाठीच आणलेला आहे.

बी तर पडलंच आहे. म्हणून दिवाळीनंतर त्र्यंबक रोडच्या कडेने टाकळ्याच्या वाळक्या शेंगा गोळा केल्या, दोन किलो बी निघालं. टाकळा दाट उगवला की गाजरगवताला जागा देत नाही. पहिल्या पावसाआधी फेकणार आहे, मालकाला फोन करून विचारलंय, हो म्हणाले.