ओरिएंटेशनचा फीडबॅक हॉलच्या दारात घेऊ नका

कॉलेजात नव्या मुलांसाठीच्या ओरिएंटेशनचं शेवटचं भाषण संपलं की पडद्यावर क्यूआर कोड येतो. मुलं जेवणाच्या घाईत चार-पाच तारे देऊन मोकळी होतात, सरासरी अहवालात जाते आणि पुढच्या वर्षी तोच कार्यक्रम तसाच होतो. त्या वेळी मुलांनी कॉलेज अजून वापरलेलंच नसतं. वक्ता कसा बोलला, हॉलमध्ये आवाज पोचला का, एवढंच ती सांगू शकतात.

तेवढ्यासाठी त्या दिवशी तीन प्रश्न पुरतात. खरा फॉर्म चौथ्या आठवड्यात द्यावा, तोही तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत, वर्गातच. नुसती लिंक ग्रुपवर टाकली तर ज्यांचं सगळं सुरळीत चाललंय तेच ती भरतात. फॉर्ममध्ये मत विचारू नका, घडलेलं विचारा: कोणत्या कामासाठी ऑफिसात दोनदा जावं लागलं? कोणती तारीख चुकली? अडल्यावर आधी कोणाला विचारलं? ‘कार्यक्रम उपयुक्त वाटला का’ याला ‘हो’ सोडून दुसरं उत्तर क्वचितच येतं.

नाव आणि ईमेल घेऊ नका. गुगल फॉर्मचं ईमेल गोळा करणारं सेटिंग बंद आहे ना, ते स्वतः तपासा. मात्र शाखा, बारावीचं माध्यम, राहणं घरी, हॉस्टेलवर की कॉट बेसिसवर (भाड्याच्या खोलीत एका खाटेपुरतं), आणि प्रवेश कोणत्या फेरीत झाला, हे जरूर विचारा. एखाद्या गटात पाचापेक्षा कमी मुलं असतील तर त्यांचे आकडे वेगळे दाखवू नका, कोणी काय लिहिलं ते लगेच ओळखू येतं.

फेरीचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, शेवटच्या फेरीत किंवा संस्था स्तरावर प्रवेश मिळालेला मुलगा येतो तेव्हा ओरिएंटेशन उरकलेलं असतं. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांना तर बहुतेक ठिकाणी कोणी बोलावतच नाही. हॉलमधल्या फॉर्मवर ही मुलं नसतात, आणि सगळ्यात जास्त अडचण त्यांचीच होते. तंत्रशिक्षणाची नियामक संस्था एआयसीटीईने नव्या मुलांसाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन सांगितला, विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१९मध्ये त्यासाठीच ‘दीक्षारंभ’ आणलं, पण उशिरा आलेल्याची सोय प्रत्येक कॉलेजला स्वतःच लावावी लागते. प्रवेश बंद झाल्यावर दोन तासांचं छोटं सत्र पुन्हा घ्या. त्यात भाषणं नकोत. कागदपत्रं, वेळापत्रक आणि भेटायची माणसं एवढंच ठेवा.

फॉर्मइतकीच खरी माहिती ऑफिसच्या खिडकीवर मिळते. काउंटरवर एक कागद ठेवा आणि पहिला महिनाभर कोण काय विचारायला आलं त्याच्या रेघा ओढायला सांगा: बोनाफाईड, आयकार्ड, महाडीबीटी (शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल), एबीसी आयडी (क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा क्रमांक), बॅच बदल. क्लार्कवर हे वाढीव काम आहे, म्हणून रकाने आधीच छापून द्या. शिपाईमामांनाही विचारा. मुलं रस्ता कुठे चुकतात ते त्यांना पाठ असतं.

मग लेखी उत्तरं दोघांनी स्वतंत्रपणे वाचून आठ-दहा गटांत लावावीत आणि जिथे दोघांचं जुळत नाही तिथे बसून बोलावं. एकट्याने वाचलं की आपल्याला आधीच पटलेली तक्रार मोठी दिसायला लागते. प्रत्येक गटापुढे कारण लिहा. ‘महाडीबीटी समजलं नाही’ यावर आणखी एक व्याख्यान ठेवणं हा चुकीचा उपाय. मुलाचं बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं, उत्पन्नाचा दाखला गावी राहिलेला असतो आणि तो आणायला नंदुरबारला किंवा लातूरला परत जायचं म्हणजे तास बुडतात. इथे दुरुस्ती ओरिएंटेशनच्या आधीची आहे: जागा मिळाल्याबरोबर मराठीतून कागदपत्रांची यादी, पालकांच्या फोनवरसुद्धा.

एका वर्षात तीनच बदल घ्या. प्रत्येकापुढे एक नाव आणि एक तारीख. जास्त घेतले की ते समितीच्या इतिवृत्तातच राहतात. वेळ हवा असेल तर संस्थेच्या इतिहासावरचं भाषण पंधरा मिनिटांवर आणा. त्याबद्दल तक्रार आलेली माझ्या ऐकिवात नाही. केलेले बदल नोटीस बोर्डावर लावा, कारण फॉर्म भरून काही होतं हे दिसलं नाही तर पुढच्या वर्षी मुलं नुसते तारे देतील. आणि नवं वेळापत्रक दिवाळीच्या सुट्टीआधी ठरवून टाका. जुलैत प्रवेशाची गर्दी सुरू झाली की सगळ्यांचा हात मागच्या वर्षीच्या फाइलकडेच जातो.