तुम्ही विचारलंत म्हणून : नायकच सपक का होतो?

दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचायचं काम मी गेली 11 वर्षं करते आहे. पोळा होऊन नागपुरात मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, तोवर टेबलावर गठ्ठा साचलेला असतो. कथा परत गेली की फोन येतो. ‘मॅडम, पानठेलेवाला जिवंत वाटला म्हणता, आत्या आवडली म्हणता, मग नायकच का मिळमिळीत वाटला?’ इतक्या जणांनी विचारलंय की आता लिहूनच टाकते.

आधी त्याची भाषा बघा. नागपूरच्या कथेत आत्या म्हणते, ‘काय विचार करून राहिला बे? जेवून घे आधी.’ आणि नायक उत्तर देतो, ‘मला काहीच सुचत नाहीये, आत्या.’ एकाच घरात वाढलेली ही माणसं. सकाळी एकाच ठेल्यावर तर्री पोहे खातात. मग ह्याचीच जीभ कुणी धुऊन पुसून ठेवली? विचारलं की लेखक सांगतो, नायक सगळ्यांना आपला वाटावा म्हणून तसं केलं. उलट होतं हो. सोलापूरच्या वाचकाला ‘करून राहिला’ म्हणणारा माणूस लगेच दिसतो. कुठलाच नसलेला माणूस त्याला दिसत नाही, मग तो आपला कुठून वाटणार?

पण भाषा बदलून भागत नाही. खरं दुखणं मला गेल्या वर्षी कळलं. काटोलकडच्या एका मुलाची कथा आली होती. त्याला विचारूनच इथे सांगते आहे.

कथेत बापाची संत्र्याची बाग होती. झाडांना डिंक्या रोग लागलेला. बाप खोडावरचा डिंक चाकूनं खरवडायचा, जखम साफ करायचा आणि वरून मोरचूद-चुन्याची बोर्डोपेस्ट लावायचा. ते इतकं नेमकं लिहिलं होतं की बापाच्या नखातला निळसर रंगसुद्धा मला दिसला. मुलगा मात्र नागपूरहून यायचा, झाडाखाली बसायचा, बालपण आठवायचा आणि शेवटी ‘जड अंतःकरणाने’ विक्रीच्या कागदावर सही करायचा. कथेतल्या सगळ्या गोष्टी त्याच्या बाबतीत घडत होत्या. त्यानं स्वतः काही केलं असं एका पानावरही नव्हतं.

मी लिहिणाऱ्या मुलाला विचारलं, ‘पैसे कशासाठी हवे होते त्याला?’

बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, ‘नागपुरात बेसाला फ्लॅट पाहून ठेवला होता त्यानं.’

‘मग हे कथेत का नाही?’

‘मॅडम, वाईट दिसला असता ना तो.’

मला वाटतं उत्तर इथेच आहे. आपण नायकाला जपतो. तो बहुतेकदा आपल्याच पोटातून आलेला असतो, आपली लाज ती त्याची लाज. आत्याला आपण बाहेरून बघतो, म्हणून तिचा हावरटपणा, तिचं प्रेम, तिचं खोटं बोलणं सगळं बिनधास्त लिहितो. नायकाच्या आत शिरून बसलो की फक्त त्याचे डोळे वापरतो. त्याचे हात काय करतायत तिकडे लक्षच जात नाही.

त्या मुलानं कथा पुन्हा लिहिली. आता नायक गिऱ्हाइकाला बाग दाखवतो. ओळीतलं एक झाड डिंकानं ओघळलेलं आहे. बोलता बोलता तो त्या खोडाला पाठ टेकून उभा राहतो आणि गिऱ्हाईक पुढे जाईपर्यंत हलत नाही. संध्याकाळी बाप एवढंच म्हणतो, ‘तुह्या शर्टाले डिंक लागला.’ जड अंतःकरण गेलं आणि मला तो नायक इतका जवळचा वाटला की मी ते पान दोनदा वाचलं.

नंतर तोच मला म्हणाला, ‘म्हणजे ताण द्याचा, मॅडम.’ बागाईतदाराचं पोर ते. आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणारी फुलं, धरायचा तर डिसेंबरच्या सुमाराला संत्र्याचं पाणी बंद करतात. हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त. झाड मलूल होतं, पानं पिवळी पडून गळायला लागतात. मग पाणी देऊन ताण तोडला की ते फुलावर येतं. सारखं पाणी पाजलेलं झाड पाल्यानं हिरवंगार दिसतं, पण बहार नीट धरत नाही.

यावर काही जण नायकाला अनाथ करतात, कॅन्सर देतात, कर्जात बुडवतात. ती गारपीट झाली. गारपीट सगळ्या बागांवर सारखीच पडते, तिच्यातून माणूस कळत नाही. ताण म्हणजे त्याला दोन गोष्टी हव्या असणं आणि एक घेताना दुसरी त्याच्याच हातून मोडणं.

चांगुलपणाची भीती बाळगू नका, एवढंही सांगते. 1935 साली आलेल्या ‘श्यामची आई’मधला श्याम चांगलाच मुलगा आहे. पण पोहायला जायच्या भीतीनं तो माळ्यावर लपून बसतो आणि आई शिंपटीनं मारत त्याला विहिरीवर नेते. तो लपला, म्हणून आम्ही सगळे त्याचे झालो.

हे मला दुसऱ्याच्या कथेत दिसलं, पण स्वतःच्या कथेत फार उशिरा दिसलं. आईच्या आजारपणावर मी एक कथा लिहिली होती. मे महिना, पारा 46 च्या वर, रात्रीही भिंती तापलेल्या. कथेतली मुलगी आईच्या उशाशी जागते, कूलरच्या टाकीत पाणी ओतते, कपाळावर ओला रुमाल ठेवते. एका संपादकांनी ती परत पाठवली. वर लिहिलं होतं, ‘मुलगी दिसत नाही.’ मला फार लागलं. हे सगळं मी खरंच केलं होतं.

एक रात्र मात्र मी लिहिली नव्हती. ती मी कथेत आत्ता, या उन्हाळ्यात घातली. पहाटेचे तीन वाजले असतील. खसाचा ओला वास खोलीभर होता, कूलरचा आवाज एकसारखा येत होता. आईनं हाक मारली, ‘पाणी दे गं.’ मी जागी होते. मी डोळे मिटून घेतले आणि झोपलेल्या माणसाचा चालतो तसा श्वास चालवत राहिले. तिनं दुसऱ्यांदा हाक मारली नाही. थोड्या वेळानं तिचा हात तांब्यापर्यंत पोचल्याचा आवाज आला, आणि मग झाकण खाली पडल्याचा.