आमचं केळवण कोल्हापुरात

नात्यातली केळवणं सुरूच होती. ताटाभोवती रांगोळी, पुरणपोळी, ओटी. पण मैत्रिणींनी बजावलं, "आमचं केळवण कोल्हापुरातच, आणि घरात नाही." आम्ही सगळ्या शिवाजी विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या. ऐकूनच मला भरून आलं.

आधी अंबाबाईपुढे पत्रिका ठेवली. मग मिसळ; सोबत ब्रेडच्या स्लाइस आणि हवा तेवढा कट. दुपारी खासबाग. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं हे कुस्तीचं मैदान 1912 साली सुरू झालं. मधला हौदा खोलात आणि भोवती चढत गेलेल्या पायऱ्या, त्यामुळे शेवटच्या माणसालाही कुस्ती नीट दिसते. परीक्षा संपली की आम्ही शेजारची भेळ खायचो. यावेळीही पुडा हातात घेऊन तिथेच बसलो आणि नोकऱ्या, सासर, आईचं आजारपण असं सगळं बोलून घेतलं. फोनवर हे होत नाही, माझं ठाम मत आहे.

संध्याकाळी रंकाळा, शालिनी पॅलेसच्या बाजूने. रात्री गंगावेशीतला दूधकट्टा. समोर म्हशीची धार काढतात आणि फेसाळ, कोमट दुधाचा ग्लास हातात देतात. तिथेच मैत्रिणींनी माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या आणि नाव घ्यायला लावलं. मी घेतलं, मोठ्याने. कट्ट्यावरच्या एका मावशींनी "सुखी राहा गं पोरी" म्हणत ग्लास पुन्हा भरून दिला.

लग्नाला त्या सगळ्या चार दिवस आधीच येणार आहेत. मेंदी त्याच काढणार.