बेळगावहून युरोप: ‘मुंबई ते मुंबई’त न बसणाऱ्या गोष्टी

मे २०२५ मध्ये आई-आप्पांना घेऊन ग्रुप टूरनं युरोप करून आलो. पॅरिस ते रोम, बारा दिवस. टूरच्या कागदावर ‘मुंबई ते मुंबई’ असं ठळक छापलेलं होतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला त्यात काही वाटत नाही. आम्हा बेळगावकरांची अर्धी दगदग मात्र त्याच्या अलीकडे आणि पलीकडेच होते. म्हणून तेवढंच लिहितो, आयफेल टॉवरचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत.

पहिली दगदग कागदांची. गावाचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर बेळगावी झालं, त्यामुळे माझ्या पासपोर्टवर बेलगाम आणि आधारवर बेळगावी आहे. त्यानं काही अडलं नाही. अडलं ते आईच्या नावावरून. आधारवरचं नाव कन्नडवरून इंग्रजीत गेलेलं, आडनावात एक ‘ए’ जास्त. बँकेत अजून माहेरचं नाव. हे निस्तरायला दोन महिने गेले. तेव्हा बुकिंगचे पैसे भरण्याआधी घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट, आधार, पॅन आणि पासबुक टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला हवा, शेंगेन देशांतून (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) बाहेर पडल्यावर निदान तीन महिने चालणारा हवा, आणि दोन पानं कोरी. टूर कंपन्या सहा महिने मागतात, तेच धरून चला.

आप्पांचं प्रकरण वेगळंच. शेतकरी माणूस, आयकर रिटर्न कधी भरलेलं नाही. बँकेचं स्टेटमेंट काढलं तर चार महिने खात्यात किरकोळ हालचाल आणि मग एकदम उसाचं बिल! व्हिसासाठी कुणी उसने पैसे आणून टाकले असावेत, असंच बघणाऱ्याला वाटणार. आम्ही कारखान्याच्या बिलाची पावती जोडली, जमिनीचा उतारा जोडला (कन्नडमधला, म्हणून इंग्रजी भाषांतर नोटरी करून), आणि खर्च मुलगा करतोय असं माझं पत्र, सोबत माझी तीन वर्षांची रिटर्न. टूरच्या ऑफिसातल्या मुलीला ऊस बिल म्हणजे काय हे फोनवर समजावून सांगावं लागलं. पण व्हिसा आला. शेतीवाल्यांनी ही फाईल आधीच तयार ठेवावी.

व्हिसासाठी बोटांचे ठसे कुठे द्यायचे ते बुकिंगच्या दिवशीच विचारा. ‘ग्रुपबरोबर मुंबईत होईल’ असं आम्हाला सांगितलं होतं. पण काही देशांचे अर्ज राहत्या पत्त्याप्रमाणे त्या त्या वकिलातीकडे जातात. आमचा पत्ता कर्नाटकातला. शेवटी तिघंही राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळुरूला जाऊन आलो. तो खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नव्हता.

पैशांचं म्हणाल तर जाहिरातीतल्या आकड्यावर जीएसटी वेगळा आणि टीसीएस (टूरच्या पैशांवर आगाऊ घेतला जाणारा आयकर) वेगळा. आमच्या वेळी टीसीएस दहा लाखांपर्यंत ५ टक्के होता. दर बदलतात, भरतानाचा विचारा. हा पैसा पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरलं की वळता करता किंवा परत मागता येतो. म्हणून बुकिंग रिटर्न भरणाऱ्याच्या पॅनवर करा. आप्पांच्या पॅनवर केलं असतं तर त्या पैशांसाठी जन्मात पहिल्यांदा रिटर्न भरावं लागलं असतं. विमा शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचा लागतोच, पण आधीपासूनचं बीपी-शुगर त्यात धरलंय का ते वाचा. आमच्या ग्रुप पॉलिसीत नव्हतं. वेगळी घेतली.

आता कुंदा, म्हणजे आमची बेळगावची दुधाची मिठाई. टूर मॅनेजरला आणि सोबतच्यांना द्यायला म्हणून आईनं दोन किलो कुंदा बांधून घेतला होता. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून स्वतःबरोबर युरोपियन युनियनमध्ये न्यायला बंदी आहे, हे मला मुंबई विमानतळावर कळलं, तेही मॅनेजरकडून. मग तिथेच, चेक-इनच्या रांगेच्या कडेला बॅगेवर डबा उघडून पस्तीस जणांनी कुंदा संपवला. नागपूरच्या एका काकूंनी चमचा नाही म्हणून बोर्डिंग पासच्या पाकिटानं खाल्ला. ओळखी झाल्या, ते एक बरं झालं. शेंगाची चटणी आणि चिवडा मात्र न्या. पाचव्या दिवशी सोन्याच्या भावानं उचलतात.

तिकडच्या बसबद्दल एवढंच: ड्रायव्हरला साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास थांबावंच लागतं, आणि त्याचे तास यंत्रात नोंदले जातात. सकाळी चार माणसांनी चहापायी वीस मिनिटं घालवली की संध्याकाळचं एखादं ठिकाण ‘बसमधून बघा’ होतं. आमचं एक गेलं. कार्यक्रमपत्रिकेत ‘पाहणे’ आणि ‘आत जाणे’ हे शब्दही वेगळे वाचा. आयफेलवर दुसऱ्या मजल्यापर्यंत की टोकापर्यंत, यानं फार फरक पडतो. स्वित्झर्लंडमधलं बर्फाचं ठिकाण युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे. आप्पा उत्साहानं भराभर चालले आणि गरगरून बाकावर बसले. म्हाताऱ्यांना तिथे सावकाश चालवा.

आता जाणाऱ्यांना आणखी एक: १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिकडे सीमेवर फोटो आणि ठसे घेऊन नोंद करायला सुरुवात झाली आहे. रांगेचा वेळ जास्त धरा.

परतीला माझीच चूक झाली. मुंबईला उतरल्यावर पाच तासांनी सांबऱ्याचं (बेळगावच्या विमानतळाचं) विमान, वेगळ्या तिकिटावर. येणारं विमान लेट झालं, बॅगा उशिरा आल्या, सांबऱ्याचं गेलं. वेगळं तिकीट म्हणजे आधीचं विमान लेट झालं तरी जबाबदारी आपलीच, पैसे बुडाले. मुंबईत एक रात्र धरा, जातानाही आणि येतानाही. आम्ही रात्रीची बस धरली. सातारा-कागल रस्त्याचं काम चालू, त्यामुळे उजाडलं तेव्हा निपाणीसुद्धा आली नव्हती. आप्पा खिडकीतून ऊस बघत म्हणाले, ‘पाणी द्यायला झालंय याला.’